ज्ञानओसरीची वर्गणी

जयमाला साळवी प्रचालक होणार होती, आणि हे तिनं घरात नवऱ्याला सांगितलं. तेवढं एक चुकलं. नाहीतर सगळं कसं झकास चाललं होतं.

आता प्रचालक म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. सोसायटीतही सगळ्यांनी तेच विचारलं. तर इंटरनेटवर 'ज्ञानओसरी' नावाचा एक मराठी ज्ञानकोश आहे. तो लोकच लिहितात. कुणीही उठावं, खातं उघडावं आणि लिहावं. दुसऱ्या कुणी यावं आणि खोडावं. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा आपापल्या घरचा. अशा फुकट राबणाऱ्या मंडळींनी मतं देऊन आपल्यातलीच काही भरवशाची माणसं निवडायची आणि त्यांच्या हाती किल्ल्या द्यायच्या. कुठलं पान कुलूपबंद ठेवायचं, कुणाला बाहेर काढायचं, कुणाला परत आत घ्यायचं, हे ती माणसं ठरवतात. त्यांना म्हणतात प्रचालक. जयमालानं अर्ज भरला होता, मतदान सुरू होतं, आणि अजून एकही मत तिच्या विरोधात पडलं नव्हतं.

पडणार तरी कसं? बाईची सगळी नोकरी वाशीच्या मसाला मार्केटात, एका गाळ्यावर हिशेब लिहिण्यात गेलेली. समोरचा माणूस सांगतो ते खरं नसतं, काटा सांगतो ते खरं असतं, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका भजनाला गेल्या, योगाला गेल्या. ही ओसरीवर गेली. कोपरखैरणे, बोनकोडे, तळवली, खाडीकाठची मिठागरं, ही सगळी पानं तिनं एकटीनं उभी केली. एकेका ओळीला छापील संदर्भ. पुस्तकात नाही, पेपरात नाही, सरकारी कागदात नाही, तर ओळ नाही. मग सांगणारा सख्खा सासरा का असेना.

आणि लबाडी पकडण्यात तर तिचा हात कुणी धरावा! कुणी आपल्या क्लासची जाहिरात घुसवली, कुणी आपल्या मामाला 'ज्येष्ठ समाजसेवक' करून टाकलं, की हिनं ते खोडलंच म्हणून समजा. पकडलेला माणूस हमखास म्हणायचा, 'मी नाही हो, भावानं केलं. लॅपटॉप उघडा राहिला होता.' ते वाचून जयमाला खो खो हसायची. "घ्या, आणखी एकाचा भाऊ!" असं नवऱ्याला ओरडून सांगायची, आणि ते खातं बंद करा म्हणून शिफारस ठोकायची.

नवरा म्हणजे नंदकिशोर. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला आणि कोपरखैरण्याच्या शुभलाभ सोसायटीच्या गणेशोत्सवाचा कायमचा खजिनदार. माणूस मनानं सोन्यासारखा, पण हातात पावतीपुस्तक आलं की त्याच्या अंगात यायचं. लिफ्टमध्ये गाठून, जिन्यात अडवून, मयताहून परतणाऱ्यालासुद्धा पाय धुवायला वेळ देऊन तो वर्गणी वसूल करायचा. पैशाच्या बदल्यात दरवर्षी सोसायटीची स्मरणिका निघायची. पहिल्या पानावर बाप्पा, मग अध्यक्षांचं मनोगत, आणि पुढे नुसत्या जाहिराती. मनोगत कोणी वाचत नाही. आपलं नाव कुठल्या पानावर आलं आणि शेजाऱ्याच्या नावाहून बारीक तर नाही ना, एवढं बघायचं आणि स्मरणिका टीव्हीखाली सारायची, असा रिवाज.

बायकोच्या ओसरीला तो 'फुकटची कारकुनी' म्हणायचा. इतक्या वर्षांत त्यानं त्यातलं एक पान उघडलं नव्हतं. पण त्या सकाळी चहाचा कप ठेवताना त्याला लॅपटॉपवर एक पिवळी पट्टी दिसली. 'ज्ञानओसरी जाहिराती घेत नाही. ती वाचकांच्या देणगीवर चालते. जमेल तेवढी मदत करा.'

"हे काय? मागायला लागले तुझे लोक?" नंदकिशोरनं विचारलं.

"मग? सर्व्हरचं भाडं काय आभाळातून पडतं?"

"जाहिराती घ्या की."

"जाहिरात घेतली की देणाऱ्याचं ऐकावं लागतं, अहो. उद्या मिरचीवाल्यानं पैसे दिले, तर त्याच्या मिरचीत काय मिसळलंय ते लिहिता येईल का?"

"आणि आत्ता लिहिता ते खरं कशावरून? कुणीही लिहितं म्हणे. उद्या आपला कुंदन मेडिकलवाला लिहील."

"लिहू दे ना. संदर्भ दिला तर राहील, नाही दिला तर मी उडवीन."

नंदकिशोरनं जरा विचार केला. मग खजिनदाराच्या आवाजात म्हणाला, "बरं, देणाऱ्याला काय मिळतं?"

"काय मिळायचं? ओसरी चालू राहते."

"नाव कुठं लागतं?"

"कुठंच नाही."

"प्रसाद?"

जयमालानं चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"अगं, मग देणार कोण!" नंदकिशोर कळवळून म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं बरं का. आपली बायको जिथं डोळे फोडून घेते त्या संस्थेला साधी वर्गणी काढता येत नाही, याची त्याला लाजच वाटली. त्यात ती आता तिथली प्रचालक का कोण होणार. म्हणजे पदाधिकारीच की! पदाधिकाऱ्याच्या घरचा माणूस हातावर हात धरून बसला तर लोक काय म्हणतील?

दुसऱ्याच दिवशी जयमाला देवरूखला गेली. बहिणीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, तिथून कुलदैवताला जाऊन यायचं होतं. लॅपटॉप राहिला जेवणाच्या टेबलावर, आणि त्यात तिचं ओसरीवरचं खातं, सताड उघडं.

नंदकिशोरनं गणपतीची उरलेली पावतीपुस्तकं काढली, बाप्पाच्या नावाखाली पेनानं 'ज्ञानओसरी (इंटरनेट)' असं लिहिलं, आणि तो निघाला. दर स्मरणिकेसारखेच ठेवले होते. नुसतं नाव हवं तर कमी, नाव आणि हुद्दा हवा तर थोडे जास्त, आणि स्तुतीची एक ओळ हवी तर विशेष वर्गणी. "ही स्मरणिका वर्षातून एकदा निघत नाही, रोज निघते. आणि जगभर जाते," असं तो दारादारात सांगत होता. लोकांना ते पटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गीतांजली मोदकांच्या ऑर्डरी घ्यायच्या, त्यांनी स्तुतीची ओळ घेतली. खालच्या मेडिकलवाल्या कुंदननं विचारलं, "काका, गूगलवर येणार ना? मग आपला डबल लिहा."

बोनकोड्याचे अरविंद म्हात्रे सोसायटीला टँकर पुरवायचे. ते आपलं बिल मागायला आले होते, त्यांनाही नंदकिशोरनं सोडलं नाही.

"शेट, पैशे देतो," म्हात्रे म्हणाले, "पन त्यात लिवा, बोनकोडे गाव आदी व्हता. कोपरखैरना मागशी झाला."

नंदकिशोरनं लॅपटॉप उघडून बघितला, आणि बघतो तर काय, जयमालानं अगदी तेच कोपरखैरण्याच्या पानाच्या पहिल्या परिच्छेदात लिहून ठेवलेलं, खाली पुस्तकाच्या नावासकट. "म्हात्रेशेठ, हे आधीच लिहिलेलं आहे. फुकट."

"फुकट लिवलाय?" म्हात्र्यांचा चेहरा पडला. "मंग त्याव कोन इस्वास ठेवील? पैशे घ्या आनि परत लिवा."

तेव्हा तेच वाक्य पानाच्या तळाशी परत लिहिलं गेलं. ठळक अक्षरांत.

सगळी नावं नंदकिशोरनं दोन बोटांनी टाइप केली. जमलेले पैसे ओसरीच्या कार्यालयाला पाठवून दिले, एक पैसासुद्धा इकडचा तिकडे न करता, आणि सोबत सोसायटीच्या लेटरहेडवर चिठ्ठी जोडली: 'देणगी पाठवत आहोत. देणगीदारांची नावे पानावर लावली आहेत. कळावे, लोभ असावा.' मग गडी समाधानानं दुपारचा झोपला.

जयमाला परतली तेव्हा गेटवर वॉचमननं तिला सलाम ठोकला, जो त्यानं आजवर फक्त अध्यक्षांना ठोकला होता. जिन्यात गीतांजलींनी मोदकांचा डबा हातात दिला. "वहिनी, तुमच्यामुळं आम्ही जगात पोचलो हो!" जयमालाला काही उमगेना. घरात येऊन तिनं लॅपटॉप उघडला, तर समोर संघप्रियाचा निरोप.

संघप्रिया घणसोलीला राहायची, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, आणि ओसरीवर आली तेव्हा तिला संदर्भ कसा द्यायचा ते जयमालानंच शिकवलं होतं. आता ती स्वतः प्रचालक होती. तिनं लिहिलं होतं: 'ताई, कोपरखैरण्याच्या पानावर तुमच्या खात्यावरून "मान्यवर देणगीदार" असा भाग आला आहे. पैसे घेऊन नावं लावल्याची चिठ्ठीही कार्यालयात पोचली आहे. पैसे घेऊन लिहिण्याइतका वाईट गुन्हा ओसरीवर दुसरा नाही, हे मला तुम्हीच सांगितलंत. तुमच्या अर्जावरचं मतदान थांबवावं लागलं. तुमचं म्हणणं इथंच, सगळ्यांसमोर लिहा.'

जयमालाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं पान उघडलं. खाडी, मिठागरं, जुनी गावं, सगळं जागच्या जागी होतं, आणि त्याच्या खाली वरात निघावी तशी नावं. 'गीतांजली यांचे उकडीचे मोदक नवी मुंबईत अद्वितीय आहेत.' 'कुंदन मेडिकल. कुंदन मेडिकल.' 'या भागास पाण्याची ददात नाही. सौजन्य: म्हात्रे टँकर सर्व्हिस.'

"अहो!"

नंदकिशोर हसत हसत आतून आला. शाबासकी घ्यायलाच आला होता बिचारा. "बघितलंस? कसं वाटलं सरप्राइज?"

पुढं जयमाला जे बोलली ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. "तुम्ही माझं नाक कापलंत!" ती ओरडली. "लोक मला विकली गेलेली बाई म्हणतील! इतकी वर्षं मी एका पैशाला शिवले नाही, आणि तुम्ही माझ्या नावानं दुकान मांडलंत?"

"अगं, पण पैसे आपण कुठं घेतले? त्यांनाच तर दिले!"

"तेच तर वाईट!"

नंदकिशोरला हे काही केल्या कळेना. देणगी दिली हा गुन्हा, आणि नाव लावलं हा त्याहून मोठा गुन्हा, असलं देऊळ त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

जयमाला उत्तर लिहायला बसली. काय लिहिणार? खरं होतं तेच लिहायचं म्हटलं, तर ते असं होतं: 'मी नाही हो, माझ्या नवऱ्यानं केलं. लॅपटॉप उघडा राहिला होता.' तिनं ते टाइप केलं, वाचलं, आणि तिला घाम फुटला. हेच वाक्य वाचून ती किती वेळा खदखदून हसली होती! त्या सगळ्यांचे भाऊ आता रांगेनं तिच्या डोळ्यांपुढं उभे राहिले. त्यातला एखादा भाऊ खराच असेल की काय, असं पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, आणि तिला फार वाईट वाटलं. तिनं वाक्य पुसून टाकलं आणि न जेवता झोपून गेली.

आता नंदकिशोरनं गप्प बसायला हवं होतं की नाही? पण बायको उपाशी झोपलेली त्याला बघवेना. त्यानं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'आपल्या जयमालावहिनींवर ज्ञानओसरीत अन्याय होत आहे. सर्व सभासदांनी त्वरित खाते उघडून पाठिंबा द्यावा. खाते उघडता येत नसल्यास क्लब हाऊसमध्ये यावे, तेथे वायफाय आहे.'

सकाळी जयमालानं बघितलं तेव्हा तिच्या अर्जाखाली पाठिंब्याचा नुसता पूर आलेला. सगळी खाती कोरी करकरीत, सगळी एकाच वायफायवरून उघडलेली, आणि बहुतेकांचा मजकूर शब्दाला शब्द तोच, नंदकिशोरनं लिहून दिलेला. कुंदननं तेवढा स्वतःचा घातला होता: 'काकी एक नंबर. ज्याला प्रॉब्लेम हाय त्यानं मेडिकलवर येऊन भेटावं.' कुणी सवयीनं 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहून गेलं होतं. एकानं विचारलं होतं, 'आज पाणी किती वाजता येणार?'

त्याखाली संघप्रियाची एकच ओळ होती. 'ताई, ही बाहुली खाती कुणाची?'

ओसरीवर एकच माणूस दहा नावं घेऊन स्वतःलाच मतं द्यायला लागला, की त्या खोट्या नावांना बाहुल्या म्हणतात. अशा बाहुल्या तर जयमालानं ढिगानं पकडल्या होत्या. आता शुभलाभ सोसायटीतली हाडामांसाची माणसं, पार पलीकडच्या विंगमधल्या राजलक्ष्मी आजींपर्यंत, तिच्या बाहुल्या ठरली होती.

तिनं संघप्रियाला फोन लावला. "अगं संघप्रिया, ऐक, हे सगळं..."

"ताई, फोनवर नको," संघप्रिया म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "फोनवर मी लगेच ऐकेन तुमचं. बाकीच्यांनी काय करायचं? पानावर लिहा."

फोन ठेवल्यावर जयमालाला आधी राग आला. कालची पोरगी, आणि मला शिकवते! मग थोड्या वेळानं तिचं तिलाच वाटलं, की शिकवते कसली, आपलाच धडा आपल्याला म्हणून दाखवतेय. आणि चांगला म्हणतेय मेली. जयमालाला तिचं कौतुक वाटलं. वैतागही तितकाच वाटला.

तिनं नंदकिशोरला शेजारी बसवलं, कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं, आणि लिहिलं: 'हे माझ्या नवऱ्यानं केलं. लॅपटॉप उघडा राहिला होता. हे कारण आजवर मी कुणाचंच मानलेलं नाही, तेव्हा तुम्ही माझं मानावं असं म्हणायला मला तोंड नाही. खाली आलेली माणसं खरी आहेत, माझे शेजारी आहेत. त्यांना ओसरीचे नियम ठाऊक नाहीत, फक्त मी ठाऊक आहे. त्यांची मतं धरू नका. मी अर्ज मागे घेते. पण मला लिहू द्या. एवढंच मागते.'

ते वाचून नंदकिशोरचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे तू आता पदाधिकारी होणार नाहीस?"

"नाही."

"माझ्यामुळं?"

"मग काय शेजारच्यामुळं?" ती म्हणाली. पण त्याचं तोंड बघून तिनं पुढचं बोलणं गिळलं.

संध्याकाळी संघप्रियाचा निकाल आला. 'अर्ज मागे घेतल्याची नोंद केली. ताईंचं म्हणणं मी मानते, पण मी मानून भागत नाही. पैशासाठी घातलेली प्रत्येक ओळ त्यांनी उद्या संध्याकाळच्या आत स्वतः खोडावी, आणि प्रत्येक वेळी कारण लिहावं. एक जरी ओळ राहिली तर खातं बंद. कार्यालय देणगी परत पाठवत आहे, कारण अटीवर दिलेली देणगी ओसरी घेत नाही.' आणि खाली बारीक अक्षरांत: 'ताई, आधी पासवर्ड बदला.'

वर्गणी परत! शुभलाभ सोसायटीवर बॉम्ब पडला असता तरी एवढा गोंधळ झाला नसता. दिलेली वर्गणी परत आणून देतात, हे कोपरखैरण्यात कुणी ऐकलं नव्हतं. नंदकिशोर पहिल्या दारात गेला आणि तिथंच अडकला.

"आमचे पैसे खोटे आहेत का?" गीतांजली कडाडल्या. "की आमचे मोदक खोटे?"

"मोदक अप्रतिम आहेत," मागून आलेली जयमाला म्हणाली. "पण कुठं छापून आलेलं नाही, गीतांजली. माझ्या जिभेवर ओसरी विश्वास ठेवत नाही."

"वहिनी, तुम्ही इतकी वर्षं आमचे मोदक खाता!"

"आणि पुढंही खाणार. फक्त लिहिणार नाही."

गीतांजलींनी पैसे घेतले, पण दार जरा जोरातच लावलं. कुंदननं सरळ नकार दिला. "काकी, वर्गणी रिटर्न घेतली तर बाप्पा काय बोलेल?" त्याला समजावलं की पावतीवर छापलेला असला तरी यात बाप्पा नव्हताच, तेव्हा कुठे त्यानं गल्ला उघडला. सगळ्यात अवघड गेले म्हात्रे.

"म्हंजे आमचा गाव काडून टाकनार?" त्यांचे डोळे मोठे झाले.

"नाही हो, दादा. खालचं काढणार. वरचं राहणार. ते फुकटचं आहे म्हणूनच राहणार. पैसे दिले असते तर कुणीही उपटून टाकलं असतं."

म्हात्र्यांनी डोकं खाजवलं. "ताई, तुमचा धंदा उलटा हाय," ते शेवटी म्हणाले. पण पैसे खिशात घालताना त्यांनी मोबाइलवर ती वरची ओळ दोनदा वाचून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी आवरून जयमाला खोडायला बसली. एकेक ओळ घ्यायची, उडवायची, कारण लिहायचं. मोदक गेले. टँकर गेला. कुंदन मेडिकल दोनदा गेलं. नंदकिशोर समोर शेंगा सोलत बसला होता, मान खाली घालून. नावं संपली. आता झालंच म्हणून तिनं पानाचा तळ बघितला, तर सगळ्यात शेवटी, कसल्याही मथळ्याशिवाय, आणखी एक मजकूर होता.

'या पानावर गावांविषयी जे लिहिले आहे ते जयमाला साळवी यांनी लिहिले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांना पैसे मिळाले नाहीत. त्यांच्या घरच्यांनीही ते वाचले नव्हते. परवा प्रथमच वाचले. फार चांगले लिहिले आहे.'

जयमालानं ते एकदा वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं.

"अहो, ही कुणाची वर्गणी?"

नंदकिशोरनं शेंगांतून मान वर केली नाही. "माझी."

"आणि तुम्ही हे वाचलंत कधी?"

"नावं कुठं घालायची ते शोधत होतो ना. मिठागरांचं वाचायला लागलो, मग तळवलीचं, मग राहवेना. भात करपला त्या दिवशी." त्यानं आणखी एक शेंग फोडली. "मला वाटायचं तू तिथं बसून गप्पा मारतेस. तू तर सगळा मुलूख लिहून ठेवलास गं. मी आपला कारकुनी, कारकुनी करत बसलो."

इतक्या वर्षांत याच्या तोंडून एक बरा शब्द यावा म्हणून आपण झुरत होतो, हे जयमालाला त्या क्षणापर्यंत ठाऊकसुद्धा नव्हतं. आणि तो शब्द आला तो असा, नेमका इथं, तिनं खोडायच्या यादीत येऊन बसला.

"संदर्भ काय याला?" ती कशीबशी म्हणाली.

"संदर्भ काय मागतेस? मी आहे की. घरात राहतो, डोळ्यांनी बघतो."

"तुम्ही चालत नाही."

"इतकी वर्षं चाललो की!"

ती हसली आणि हसता हसता रडली. ओळ राहू दिली असती तर? एवढ्याशा मजकुराकडे कोण बघतंय? पण बघितलं तर खातं गेलं. आणि कुणी बघो न बघो, दुसऱ्या कुणाची असली ओळ तिनं क्षणभर तरी ठेवली असती का? तिनं ओळ उडवली. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'संदर्भ नाही.'

नंदकिशोर उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली बघण्यासारखं काहीही नव्हतं. "एवढी एक तरी ठेवशील असं वाटलं होतं," तो पाठमोराच म्हणाला.

"या इकडं. बसा." तिनं त्याला हाताला धरून आणून खुर्चीवर बसवलं आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यातल्या 'इतिहास' या शब्दावर टिचकी मारली. "ओसरीवर खोडलेलं कधी जात नाही. कुणी काय लिहिलं, कुणी काय काढलं, सगळं मागं जमा राहतं. तुम्ही, आम्ही, कुणीही ते पुसू शकत नाही. ही बघा."

लाल पट्टीत ती ओळ अख्खीच्या अख्खी होती. नंदकिशोरनं नाक पडद्याला लावून बघितलं. "लिहिणारी: जयमाला. खोडणारी: जयमाला. यात मी कुठं आहे?"

"माझ्या खात्यावरून लिहिलंत ना! आता जग म्हणणार, बाईनं स्वतःचीच स्तुती लिहिली आणि मग लाजून खोडली."

"अरे देवा," नंदकिशोर म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण इथं मागं येऊन हे बघणार तरी कोण?"

"मी," जयमाला म्हणाली. "या पानाचा इतिहास रोज सकाळी मीच तपासते."